बॅटरी लावायची की नाही

पेनसिल्व्हेनियात एप्रिल संपत आला की भल्याभल्या अबोल माणसांना कंठ फुटतो. एरवी हिवाळाभर ‘थंडी फार’ आणि उन्हाळाभर ‘गवत वाढलं’ यापलीकडे चकार शब्द न काढणारे माझे शेजारी या दिवसांत कुंपणाला टेकून तासभर बोलतात. विषय एकच. पहाटेच्या काळोखात टर्कीच्या शिकारीला जाताना बॅटरी लावायची की नाही.

शेजारी म्हणजे निवृत्त शाळामास्तर. सत्तरी कधीच ओलांडलेली. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची असते, आणि ते नाव घेताना माझी जीभ अजून अडखळते. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांच्याबरोबर मी रानात जातो तो बिनबंदुकीचा. माझ्याकडे थर्मास असतो, आणि ऐकून घेण्याची तयारी.

मुळात काळोखात जायचंच कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर पक्ष्याच्या दिनचर्येत आहे. रानटर्की दिवसभर जमिनीवर चरतो, पण झोपायला उंच झाडावर जातो. वसंतात उजाडायच्या बेताला नर फांदीवर बसल्या बसल्याच गळा काढतो, आणि मग धपकन खाली उतरून माद्यांच्या शोधाला निघतो. तो उतरण्याआधी शिकाऱ्याने झाडापासून शंभरेक यार्डांवर, आपल्या खांद्यांहून रुंद अशा बुंध्याला पाठ लावून, मादीचा आवाज काढत बसलेलं असायला हवं. बंदूक चालवायची ती सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून पुढे, त्याआधी कायद्याने मनाई. पण बसायचं त्याच्याही कितीतरी आधी. म्हणजे साडेचारला घर सोडायचं. लग्नाचा मुहूर्त इतक्या पहाटेचा निघाला असता तर मी मुलगीच नाकारली असती.

आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याचे डोळे! डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेले, त्यामुळे मान जराशी वळवली की चहूकडचं दिसतं. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, त्याच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्याला दिसतात. कानही तिखट. एक नाक तेवढं यथातथा, ते बरंच आहे. मास्तर गोचिडांसाठी जो फवारा अंगभर मारतात, त्याच्या वासाने नाकवाला प्राणी शेजारच्या ओहायोत जाऊन राहिला असता. शिवाय देवाने आणखी एक मेहेरबानी केली आहे: काळोखात टर्कीला फारसं दिसत नाही. सगळा वाद उभा आहे तो या एका मेहेरबानीवर. त्याला दिसत नसेल तर आपण बिनधास्त उजेड पाडत जावं, की उजेडच त्याला दिसेल?

यावरून इथे पंथ पडले आहेत. काळोखवादी म्हणतात, रान आपल्या पायाखालचं असलं पाहिजे, ज्याला दिवा लागतो तो शिकारी नव्हे. हे लोक सहसा गुडघ्यावर पट्टी बांधलेले दिसतात. उजेडवादी म्हणतात, बावळटपणा नको, वाटेत दगड आहेत, ओढा आहे, डोळ्यात जाणाऱ्या फांद्या आहेत. आणि मधला पंथ तांबड्या दिव्याचा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, तसा हा तांबडा दिवा: व्रत मोडलं असंही नाही आणि पोटही भरलं.

माझ्या आईला हा सगळाच वाद अचाट वाटतो. ती गुहागरकडची. फोनवर तिला सांगितलं, की मास्तर बॅटरी न लावता रानातून जायचं म्हणतात, तेव्हा ती आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, “त्यांच्या घरात कुणी मोठं माणूस नाही का रे?” आमच्याकडे रात्री चालणं म्हणजे मोठ्याने जाहिरात करत जाणं. आजोबा पाणंदीतून येताना काठी आपटत, खाकरत, मध्येच रामरक्षा म्हणत यायचे. सापाला कळावं, कुत्र्याला कळावं, चकव्याला आणि वेताळालाही कळावं, की इनामदारांच्या वाड्यामागचा माणूस घरी निघाला आहे, वाट सोडा. कंदील हातात असायचा तो आपल्याला दिसावं म्हणून थोडा, आणि आपण दिसावं म्हणून जास्त. अशा घरात वाढलेल्या माणसाने पाचोळ्यावर चवड्यांनी चालायचं, खोकला गिळायचा आणि शिंकेची परवानगी मागायची!

तांबड्या दिव्याचं शास्त्र मास्तरांनी मला फळ्याविना शिकवलं. काळोखाला सरावलेल्या आपल्या डोळ्यात रोडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. पांढरा झगझगीत उजेड पडला की ते विरतं, आणि पुरतं साठायला अर्धा तास लागतो. तांबड्या उजेडाचं त्याला विशेष सोयरसुतक नाही. इथवर सगळं खरं. पण हा झाला आपल्या डोळ्यांचा हिशेब. टर्कीच्या डोळ्यांचं काय? तांबडा दिवा शिकाऱ्यांच्या खिशात आला तो हरणांच्या मागून. हरणाला तांबडा रंग नीटसा दिसत नाही. टर्कीला चांगला दिसतो, दिसायलाच हवा, कारण वसंतात नराचं स्वतःचंच डोकं आणि मान तांबडी, पांढरी, निळी होते आणि माद्या त्यावर भाळतात. मी हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणून तर मी हिरवाही घेतला आहे.” त्यांच्या जाकिटाच्या खिशात तीन रंगांचे दिवे निघाले. चौथा गाडीत होता.

नराच्या डोक्याच्या त्या तीन रंगांचीही गंमत आहे. तांबडा, पांढरा, निळा: नेमके अमेरिकेच्या झेंड्याचे रंग. हे रंग अंगावर घालून फिरू नका, असं अमेरिकन माणूस अमेरिकन माणसाला बजावतो तो याच मोसमात. तांबडा रुमाल नको, पांढरे मोजे नकोत, निळी टोपी नको. झुडपाआडून दिसलेला रुमाल कुणाला नराचं डोकं वाटलं, तर खुलासा करायला रुमालवाला उरायचा नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ मध्ये लेकीला लिहिलेल्या पत्रात टर्कीला गरुडाहून अब्रूदार ठरवलं होतं. थोडा बढाईखोर आणि बावळट, पण धैर्याचा. पण गरुड त्याआधीच मोहरेवर जाऊन बसला होता, आणि टर्कीच्या वाट्याला ताट आलं.

खरी अडचण इथेच आहे, आणि कुंपणावरच्या चर्चेत ती शेवटी, हलक्या आवाजात निघते. त्या काळोखात टर्कीखेरीज माणसंही असतात. सगळे नखशिखान्त पानाफुलांच्या कपड्यांत, सगळ्यांचे कान पाचोळ्याच्या आवाजाकडे, आणि सगळ्यांकडे बंदुका. हरणांच्या मोसमात भडक नारिंगी जाकीट सक्तीचं. वसंतातल्या टर्कीला ती सक्ती नाही. तेव्हा माणसाला दिसलं पाहिजे आणि पक्ष्याला दिसता कामा नये, असा दिवा हवा. तो अजून कुणी बनवलेला नाही. मास्तरांचा तोडगा असा: गाडीपासून ओढ्यापर्यंत पांढरा, ओढ्यापासून चढणीपर्यंत तांबडा, पायाशी धरलेला, तिथून पुढे बंद, आणि परमेश्वर.

व्यवहारात हा तोडगा फार टिकत नाही. मास्तर दिवा कपाळावर बांधतात. “सांभाळ, फांदी आहे,” असं सांगायला ते प्रेमाने मागे वळतात, त्या क्षणी मला फांदी तर सोडाच, मास्तरही दिसेनासे होतात. रोडॉप्सिन पुन्हा साठवत मी तिथेच उभा राहतो. तेवढ्यात कोळ्याचं एखादं नवं कोरं जाळं तोंडाला चिकटतं.

या वर्षी चढणीखाली पोचल्यावर मास्तरांनी दिवा तांबडा केला आणि हातांचा कर्णा करून घुबडाचा आवाज काढला. घुबड ओरडलं की झोपेतला नर दचकून ओरडतो आणि त्याचं झाड कळतं, अशी ही युक्ती. नर ओरडला नाही. पलीकडून दुसरं घुबड ओरडलं. मास्तर खूश होऊन पुन्हा घुमले. पलीकडचंही घुमलं, जरा जास्तच रंगात येऊन. असा सवाल-जवाब बराच चालला. मग पलीकडच्या घुबडाला खोकल्याची ढास लागली आणि त्याने बॅटरी दोनदा उघडझाप केली.

इथली रीत अशी, की आधी आलेल्याची जागा. पण आधी कोण आलं हे ठरवणार कसं? मास्तरांनी सौजन्याने आपला दिवा दोनदा उघडझाप केला: तुम्ही बसा. पलीकडून तीनदा झाली: छे छे, तुम्हीच. शेवटी ते त्या अंगाने उतरले आणि आम्ही या अंगाने. झाड बिचारं सुनं राहिलं.

उतारावर खाली गाईंचा गोठा होता. दूध काढायची वेळ, त्यामुळे अंगणात दिवसासारखा लख्ख उजेड, रेडिओवर गिटार, मध्येच ट्रॅक्टरची धडधड. आम्ही पोचेपर्यंत चांगलं उजाडलं. अंगणात, मोठ्या दिव्याच्या थेट खाली, सांडलेला मका टिपत सहा-सात टर्की निवांत हिंडत होते. त्यात दोन नर, पिसारा फुलवलेले, माना तांबड्यालाल.

मास्तर थबकले. गोठ्यापासून दीडशे यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. त्यांनी टोपी काढून, शाळेत मुलं मागतात तितक्या नम्रपणे, परवानगी मागितली. मालकाने गाईंकडे पाहिलं.

“बुजतील,” तो म्हणाला. मग मास्तरांच्या कपाळाकडे बोट दाखवत म्हणाला, “आणि तो तांबडा दिवा विझवा आता. उगाच सेल जाळताय.”