डावं चाक

बहरीनच्या एका दिनारात १००० फिल्स असतात. त्यामुळे इथला हिशेब दशांशचिन्हानंतर तीन घरं चालतो. सलमाबादच्या ज्या गोदामात मी स्टोअरकीपर आहे, तिथे तर तिसऱ्या घरातला फिल्सही कुणी सोडत नाही. म्हणूनच ट्रॉलीचं पुढचं डावं चाक गेलं, तेव्हा नवं न घेऊन कंपनीने पैसे वाचवले.

चाक एका दिवसात गेलं नव्हतं. खारट, दमट हवेने आधी बेअरिंगचं ग्रीस खाल्लं, मग त्यात वाळू जाऊन बसली. खोक्यांना गुंडाळायच्या प्लास्टिकची पट्टी तर आसाभोवती अशी फेऱ्या मारून बसली, जसा वटपौर्णिमेला वडाभोवती दोरा. साता जन्मी हेच चाक मिळावं, असा तिचा संकल्प असावा. चाक फिरायचं थांबलं, फरफटलं आणि एका बाजूने चपटं झालं. ट्रॉली डावीकडे ओढू लागली, मध्येच उचक्या देऊ लागली.

"चेट्टा, चाक बदलायला पाहिजे," मी मलयाळी सुपरवायझरला म्हणालो.

"माफी मुश्किला! चल रहा है ना?" माफी मुश्किला म्हणजे काही अडचण नाही.

ट्रॉली चालत होतीच. फक्त जिथे एक माणूस पुरायचा तिथे दोन लागू लागले. एक ढकलायला आणि दुसरा तिला सन्मार्गावर आणायला. एकदा वळणावर तिला जोराची उचकी लागली आणि लोणच्याच्या सहा बरण्या जमिनीवर आल्या. नोंद झाली 'हाताळणीतलं नुकसान'. फरशीवरचे ओरखडे 'देखभाल' या सदरात गेले. माझ्या डाव्या खांद्याचं मलम माझ्याच खिशातून आलं. दुसऱ्या माणसाच्या वेळेला तर सदरच नव्हतं. चाकाच्या नावापुढे मात्र स्वच्छ अक्षरात ०.०००!

आमच्या आजोबांच्या बैलगाडीला वंगणाचं डबडं टांगलेलं असायचं. चाक करकरलं की ते गाडी थांबवून आधी आसाला वंगण घालायचे. म्हणायचे, "बैलाला बोलता येत नाही, म्हणून चाक बोलतं." आमच्या गोदामात बैलाला बोलता येत होतं, तेही तीन भाषांत. तरी उपयोग नव्हता.

याच बेटावर साखीरला फॉर्म्युला वनचं सर्किट आहे. २००४ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली. तिथली पोरं चारही चाकं अडीच-तीन सेकंदांत बदलतात. आमच्या एका चाकाला तीन कोटेशनं, चार सह्या आणि पाच महिने लागले. तेवढ्यात रमजान येऊन गेला, ईद झाली, आणि उन्हाळ्याचे दिवस येऊन दुपारी १२ ते ४ बाहेरची कामं बंद झाली. चाक मात्र 'बुकरा' येणार होतं. बुकरा म्हणजे उद्या.

अखेर ते आलं. बिघडलं एकच, म्हणून मागवलंही एकच. बाकीची तीन चाकं चार इंची, नवं पाच इंची. ट्रॉली आता हॉटेलातल्या, पायाखाली कागदाची घडी नसलेल्या टेबलासारखी डुगडुगते आणि उजवीकडे ओढते.

डावा खांदा बरा आहे. मलमाची ट्यूब अर्धी उरली होती, ती उजव्याला लावतो. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हे आता माझ्याही अंगवळणी पडलंय.