काठावरचे परीक्षक

मुलाकडे सहा महिन्यांसाठी इंडियानापोलिसला येणारे मराठी काका पहिला आठवडा झोपेत काढतात, दुसरा सुनेच्या कामवाटपात लक्ष घालण्यात आणि तिसरा हवेला नावं ठेवण्यात. चौथ्या आठवड्यात नातीला पोहण्याच्या क्लासला नेण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडतं आणि इंडियाना विद्यापीठाच्या नॅटॅटोरियमला एक मानद परीक्षक मिळतो.

हा तलाव १९८२ सालचा. इथं अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाच्या निवड चाचण्या अनेकदा झाल्या. २००० साली पंधरा वर्षांचा मायकेल फेल्प्स याच पाण्यातून सिडनीला गेला. काकांना ही बातमी कळून दोन दिवस होत नाहीत, तोच ते ती इतरांना सांगू लागतात. शेजारी बसलेल्या आयांना तर आवर्जून ऐकवतात, ‘‘इथल्या चाचणीत दुसरा आला होता हो फेल्प्स! पोरांच्या मागं लागू नका.’’

पाहुणे आले की काकांना ऊत येतो. ‘‘त्या पताका सत्यनारायणाच्या नव्हेत. उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून पाच मीटर आधी खूण. आणि उड्यांच्या हौदावर जे पाणी शिंपडताहेत, तो नळ फुटलेला नाही. पाणी नितळ असलं की वरून त्याचा पृष्ठभाग कळत नाही, म्हणून ते मुद्दाम हलवतात.’’ मग मान वर करून दहा मीटरचा मंच दाखवतात. ‘‘तिथून उडी मारली की पाण्याला टेकताना ताशी पन्नास किलोमीटर! लक्ष्मी रोडवर कुणाच्या बापाला जमलंय?’’

काकांना स्वतःला पोहता येतं का, हे विचारायचं नसतं. ‘‘आमच्या वेळी भोपळा बांधून विहिरीत ढकलून द्यायचे,’’ एवढंच उत्तर मिळतं. पुढचं त्या भोपळ्यालाच ठाऊक.

त्यांचा खरा उद्योग उड्यांच्या सरावाच्या वेळी. तीन मीटरच्या फळीवर एक शेलाटा मुलगा पाण्याकडे पाठ करून उभा राहतो. चवडे फळीवर, टाचा अधांतरी. काका खिशातून औषधाच्या दुकानाची हातभर पावती आणि बॉलपेन काढतात. मुलगा हवेत अंग गुंडाळतो, उलगडतो आणि थेंबही न उडवता पाण्यात शिरतो. काका पावतीच्या पाठीवर सात आकडे लिहितात. मोठ्या स्पर्धांत सात पंच असतात. त्यांचे वरचे दोन आणि खालचे दोन गुण गाळतात आणि उरलेल्या तिघांची बेरीज उडीच्या काठिण्यांकानं गुणतात. इथं सातही पंच काकाच. तरी चार आकडे काटेकोरपणे खोडतात. ‘‘पक्षपात नको.’’

क्लासच्या शेवटच्या दिवशी नात काठावर येते, नाक चिमटीत धरते, डोळे मिटते आणि धप्पकन मुटका मारते. पाणी मास्तरणीच्या कानापर्यंत उडतं. सातही पंच दहापैकी दहा देतात. नियमाप्रमाणे चार दहा खोडले जातात, काठिण्यांक मात्र गणिताच्या बाहेर जातो.

विजेते इथं स्पर्धेपुरते येतात. एरवी हे पाणी शाळकरी पोरांचं, गुडघे धरलेल्या आजीबाईंचं आणि पाण्यात पाऊलही न टाकता स्वतःला तलावाचे विश्वस्त समजणाऱ्या काकांचं असतं. विद्यापीठाचा तलाव गावाचा झाला, हे असल्या माणसांवरूनच ओळखायचं. आपल्याकडच्या विद्यापीठांनीही तलाव बांधावेत आणि दार गावाला उघडं ठेवावं. पंचांची काळजी करू नये. ते आपल्याकडे घरटी एक आहेत.