कार्ड चालू, हात बंद

अमेरिकेत रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या ईएमटीला, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला, ‘नॅशनल रजिस्ट्री’चं प्रमाणपत्र टिकवायचं, तर दर 2 वर्षांनी 40 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. 20 तास राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे, 10 स्थानिक गरजेचे, 10 स्वतः निवडलेल्या विषयांचे. हिशेब चोख आहे. पण तास भरले म्हणजे हात तयार झाला का?

हा जाच हवाच कशाला, असं विचारणाऱ्यांनी जुनी पुस्तकं काढावीत. 2005 च्या आधी सीपीआरमध्ये, म्हणजे थांबलेलं हृदय चालवण्याच्या प्रयत्नात, छातीवर 15 दाब दिले की 2 श्वास द्यायचे. मग 15 चे 30 झाले. 2010 मध्ये क्रमच फिरला: आधी श्वासमार्ग नव्हे, आधी छाती. 2015 मध्ये वेगालाही वेसण आली, मिनिटाला 100 ते 120 दाब. 2004 मध्ये पास होऊन पुस्तक मिटलेला माणूस तुमच्या वडिलांसाठी आला, तर चालेल?

नाही ना?

म्हणजे नियम हवाच. घोळ आहे तो मुदतीत. शिकलेला सीपीआर काही महिन्यांतच हातातून उतरू लागतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. मुदत मात्र 2 वर्षांची.

अमेरिकन हार्ट असोसिएशनला हे पक्कं ठाऊक आहे. दर 3 महिन्यांनी थोडा थोडा सराव करून घेणारी योजना तिनंच रुग्णालयांसाठी आणली. मग रस्त्यावर धावणाऱ्याला तोच नेम का नको?

प्रमाणपत्र टिकवायला तासांऐवजी परीक्षेचाही मार्ग आहे. संगणकावर. उत्तर बरोबर आलं. दाब किमान 5 सेंटिमीटर गेला का, हे माउस कसं सांगणार? हाताची ग्वाही प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या सहीवर. त्यानं समोर उभं करून तपासलं असेल, तर सही लाखमोलाची. नुसती फाइल पाहिली असेल, तर शाई.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात ईएमटींपैकी कितीतरी जण स्वयंसेवक आहेत, पोटापाण्याचं काम सांभाळून रात्री गाडीवर जाणारे. त्यांच्याकडून तास मागायचे आणि सरावाची सोय करायची नाही, हा कुठला न्याय?

तास कमी करू नका, वाटून द्या. दर तिमाहीला, कामाच्याच वेळेत, दाब मोजणाऱ्या पुतळ्यावर.

हृदय थांबल्यावर सीपीआरविना गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटवतं. तेवढ्यात हात चालला पाहिजे. आणि तो चालता ठेवणं ही ईएमटीइतकीच त्याला पाठवणाऱ्यांचीही जबाबदारी आहे.