पैसाभर जमिनीचा सातबारा

ज्या मनुष्याने आपल्या आयुष्याची चौतीस वर्षे महसूल खात्यात लोकांच्या जमिनींचे उतारे लिहिण्यात, फेरफार नोंदविण्यात आणि भावाभावांच्या बांधावरील तंट्यांच्या कैफियती ऐकून घेण्यात घालविली, ज्याच्या लेखणीखालून एका तालुक्याचे यच्चयावत क्षेत्र गुंठ्या-आण्यांसह अनेकवार गेले, त्या मनुष्याच्या स्वतःच्या नावावर तीळ पेरण्यापुरतीही माती असू नये, ह्यास दैवदुर्विलास म्हणावे की प्रामाणिकपणा, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. आमचे कुटुंब ह्यास तिसरेच एक नाव देते. परंतु ते येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

निवृत्तीनंतर ही रुखरुख अधिकच वाढली असता माझा पुतण्या अमेरिकेहून एक पुस्तक घेऊन आला. मेल बार्थोलोम्यू नामक एका निवृत्त अभियंत्याने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ह्या ग्रंथाचे सार इतकेच, की लांबच लांब सऱ्या पाडून त्यांमधील मोकळ्या जागेतले तण काढीत बसण्यापेक्षा चार फूट लांब व चार फूट रुंद असा वाफा करावा, त्याचे फुटाफुटाचे सोळा चौकोन पाडावे, आणि ज्या भाजीची जशी अंगलोट असेल त्याप्रमाणे प्रत्येक चौकोनात एक, चार, नऊ किंवा सोळा रोपे लावावी. टोमॅटो एक, पालक नऊ, मुळे सोळा. रुंदी चारच फूट का, तर कोणत्याही बाजूस बसले तरी हात मध्यापर्यंत पोहोचतो, वाफ्यात पाय घालावा लागत नाही, आणि माणसाचा पाय पडला नाही म्हणजे माती दबत नाही. एका निवृत्त मनुष्याने दुसऱ्या निवृत्त मनुष्याच्या सल्ल्याने चालू नये, असे आता मी अनुभवाने सांगू शकतो; परंतु त्या वेळी ‘सोळा’ ह्या आकड्याने मला पुरते मोहून टाकले. ज्याच्या बालपणी रुपयाचे आणे सोळा होते आणि ज्याच्या कचेरीत गुंठ्याचेही आणे सोळाच होते, त्याला सोळा चौकोनांचा वाफा हा परदेशी शोध वाटावा तरी कसा?

पुण्यातील आमच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडामागे जी थोडी मोकळी जागा आहे, तीत मी वाफ्याची आखणी केली. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी मोजणी आरंभिली, तिच्या परंपरेत वाढलेला मी. तेव्हा प्रथम क्षेत्रफळाचा हिशेब मांडला. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, अर्थात १०८९ चौरस फूट. त्याचा सोळावा हिस्सा तो आणा, अडुसष्ट चौरस फुटांचा. आणि आण्याचे जुन्या रीतीने चार पैसे केले तर एक पैसा सतरा चौरस फुटांचा. माझा वाफा सोळा चौरस फुटांचा! म्हणजे सेवानिवृत्तीनंतर अखेरीस मी जो जमीनदार झालो, तो पैशालाही एक फूट कमी.

तरीही उमेद सोडली नाही. आपल्याकडे प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोलकरांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा योगक्षेम चालू शकतो, असे प्रतिपादिले होते. दहा गुंठ्यांत माझ्यासारखे सहाशे ऐंशी वाफे बसतात. तेव्हा एक वाफा कुटुंबाला वर्षातून सुमारे अर्धा दिवस पोसण्यास समर्थ आहे, असे त्रैराशिक मांडून मी ते कुटुंबाला ऐकविले. “कोणता अर्धा?” एवढेच तिने विचारले. “सकाळचा असेल तर चहा मी करते.”

फळ्यांची चौकट ठोकण्यापूर्वीच मी वाफ्याचे दप्तर तयार केले. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर गाव नमुना सात, त्याखाली गाव नमुना बारा. भोगवटादार : अस्मादिक. चतुःसीमा : पूर्वेस धुण्याचा दगड, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस शेजारच्या प्राध्यापकांची भिंत, दक्षिणेस आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीखालच्या हातभर पट्टीत कुटुंब भाज्यांची साले, देठ आणि धुवण टाकीत असे. ती पट्टी लागवडीस अयोग्य ठरवून मी ‘पोटखराबा’ म्हणून नोंदविली. इतर हक्क : निरंक. जलसिंचनाचे साधन : झारी. झारी कोणाच्या हातात, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही, आणि सरकारने जे विचारले नाही ते आपण होऊन सांगण्याची मला सवय नाही.

सुतळी ताणून सोळा चौकोन पाडीत असता मात्र एकदम माझा हात थबकला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हवाला देऊन मी आपल्या हयातीत किती गरिबांच्या वाटण्या अडवून धरल्या असतील, ह्याची गणती नाही. आणि तोच मी आज पैशाहून लहान धारणेचे सोळा तुकडे स्वहस्ते करीत होतो! त्या रात्री कोणी एक मामलेदार स्वप्नात येऊन माझ्या मुळ्यांस नोटीस लावून गेले.

मृगाचा पाऊस पडला आणि पेरणी झाली. उंच वाढणाऱ्या वेलींची सावली इतरांवर पडू नये म्हणून उत्तरेच्या भिंतीशी काठ्यांचा मांडव घातला. मी धने टोचीत असताना कुटुंब खिडकीतून म्हणाले, “अहो, आख्खे धने नका पेरू. पाटावर रगडून दोन डाळी करा, नि रात्रभर भिजवा.”

“पुस्तकात तसा उल्लेख नाही.”

“पुस्तकात पाटा तरी आहे का?”

ह्या प्रश्नास लेखी उत्तर देण्याचे मी टाळले. चौथ्या दिवशी मेथी वर आली. कोथिंबीर पंधरा दिवस झाले तरी येईना. येणार तरी कशी? कागदावरील पिकावर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी, हा खात्याचा दंडक अंगी मुरलेला असल्यामुळे मी नित्य सकाळी काडीने माती उकरून प्रत्येक धन्याची जातीने विचारपूस करीत असे, वहीत शेरा लिहीत असे आणि त्यास पुन्हा पुरीत असे. इतकी कसून चौकशी झाल्यावर धन्यानेच काय, एखाद्या निगरगट्ट पाटलानेही डोके वर काढले नसते.

पुढे आर्द्रा बरसू लागल्या आणि आपत्तींचे सत्र सुरू झाले. मेथीची रोपे बुडख्याशी सडून कोलमडली. गोगलगायींनी एका रात्रीत पालकाचे नऊच्या नऊ खातेदार बेदखल केले. भेंडीच्या कोवळ्या पानांखाली मावा बसला. हरेक प्रसंगी मी पंचांसमक्ष पंचनामा केला. पंच म्हणजे मी, प्राध्यापक आणि दूधवाला. माव्यावर निंबोळी अर्क फवारावा, गोगलगायी रात्री बत्ती घेऊन वेचाव्या, हे उपाय मला ठाऊक होते, नव्हे, मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवूनही ठेवले होते. फवारले कोणी आणि वेचल्या कोणी, ह्याचाही रकाना नव्हता.

भाद्रपदात पैसेवारी काढली. तीन मुळे, पैकी एक द्विपाद. अकरा भेंड्या, पैकी सहा वेळेवर न तोडल्यामुळे सुतळीच्या कामाच्या. आणि एक टोमॅटो, जो साळुंकीने अर्धा चाखून आपला अभिप्राय देठाशी ठेवला होता. फळ्या, माती, शेणखत आणि कोकोपीट ह्यांचा खर्च त्या टोमॅटोवर बसविला असता तो सोन्याच्या भावाच्या आसपास जाई. पैसेवारी पन्नासच्या आत आली म्हणजे आमच्या वेळी दुष्काळ धरीत. माझी सहा आली. शाळकरी भाषेत बोलायचे तर वाफ्याला भोपळाच मिळाला.

आणि खरोखरच भोपळा मिळाला! ज्या पट्टीला मी पोटखराबा ठरविले होते, तेथे सालांच्या आणि धुवणाच्या कृपेने लाल भोपळ्याचे एक बी केव्हाच रुजले होते. त्याने माझी मोजणी मानली नाही, सुतळी मानली नाही, रोपांतील अंतराचा एकही नियम मानला नाही. दक्षिणेकडून निघालेला तो वेल सोळाही चौकोन पादाक्रांत करीत, मोहिमेवर निघालेल्या स्वाराप्रमाणे मांडवावर चढला आणि भिंत उल्लंघून प्राध्यापकांच्या हद्दीत उतरला. मी अतिक्रमणाची नोंद घेण्यास वही उघडली, तोच पहाटे एक चमत्कारिक दृश्य माझ्या दृष्टीस पडले. कुटुंब एक नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, ते मादीफुलाला हलकेच लावीत होते. “हे काय?” मी विचारले. “पावसात माशा-भुंगे कमी फिरतात. असं केलं नाही तर कळी पिवळी पडून गळते. रोजच करते मी.” आणि लगेच हातातील झारी पुढे करून तिने मला बाजूला सरकविले. तीन महिने मी ज्या जमिनीवर लिहीत होतो, ती कसणारे दुसरेच कोणी होते, हे कळण्यास मला पहाटे पाच वाजता उठावे लागले.

दसऱ्याच्या सुमारास भिंतीपलीकडून प्राध्यापकांनी दोन्ही हातांवर तोलून एक केशरी भोपळा परत केला. त्यावर त्यांचा वहिवाटीचा हक्क लागू शकला असता. पण ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, कायद्याचे नव्हेत. अर्धा भोपळा मी त्यांस बांधावरचा हिस्सा म्हणून दिला.

त्या दिवशी मी वही शेवटची उघडली. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ह्यांच्या आधारे मी इतरांच्या किती सातबाऱ्यांवर कसणाऱ्याची नावे चढविली होती! मग घरच्याच प्रकरणात कसूर का करावी? भोगवटादाराच्या नावास कंस करून, खाली कुटुंबाचे नाव घालून मी फेरफार लिहिला आणि तो तिला स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखविला.

“म्हणजे वाफा माझा?”

“कायद्याने. मात्र कुळाने खरेदीची किंमत मालकास भरावी लागते.”

तिने काही न बोलता कढईतून तीन घारगे काढून माझ्या ताटलीत टाकले. अशा फेरफारावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, हे मी जाणून होतो. परंतु घारगे गरम होते, आणि मी नोंद तेथल्या तेथे प्रमाणित केली.