शोरूमवाले आजोबा

नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या आसपास राहायला गेलात, तर शेजारी असे एक आजोबा मिळणारच. डोक्यावर शर्यतपटू रिचर्ड पेटीच्या ४३ नंबरची विटकी टोपी, दारात फोर्डचा जुना पिकअप आणि तोंडी एकच तक्रार: "ह्यांना गाड्या म्हणायचं?"

नॅस्कार म्हणजे नावापुरत्या तरी 'स्टॉक', शोरूममध्ये मिळतात तशा, गाड्यांच्या अमेरिकन शर्यती; त्यातली एकही ते चुकवत नाहीत. न बघता नावं ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

"तो दिवा बघ. स्टिकर आहे स्टिकर!" खरंच स्टिकर असतो. दारं उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. २०२२ पासून तर अंगावर पत्राही राहिला नाही, कंपोझिट आलं, आणि चाकाला पाचाऐवजी मधोमध एकच नट. आजोबांचं तारुण्य पाच नट कसण्यात गेलेलं. घटस्फोट त्यांनी पचवला, तो नट अजून पचलेला नाही.

रविवारी टोयोटा कॅम्री जिंकली की ते तरातरा सुनेच्या कॅम्रीचं बॉनेट उघडतात. आत चार सिलिंडर, हायब्रिड, ओढ पुढच्या चाकांना. टीव्हीवरचीला आठ सिलिंडर, जोर मागच्या चाकांना. "आडनाव सोडलं तर ह्या दोघींचं नातं काय?"

"आपलं तरी काय आहे, पपा?" सून विचारते.

शेवरोलेनं २०२३ अखेर कॅमारो बनवणं थांबवलं, तरी शर्यतीत कॅमारो धावतेच. त्यावर आजोबा फक्त टोपी काढतात.

त्यांचं सुवर्णयुग म्हणजे १९७०. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी खपते, असा तेव्हाचा हिशेब. आणि शर्यतीत उतरवायची गाडी आधी गिऱ्हाइकासाठी विक्रीला ठेवायला हवी, असा नियम. म्हणून प्लिमथनं सुपरबर्ड काढली: पुढे लांब चोच, मागे उंच पंख. दोनेक हजार बनवल्या. पेटीनं ती पळवली, पण गिऱ्हाईक काही फिरकेना. काही विक्रेत्यांनी पंख उपटून साधी गाडी म्हणून ती खपवली. एवढा भाग आजोबा गाळतात.

मी एकदा १९४९ काढलं. नॅस्कारची 'स्ट्रिक्टली स्टॉक' गटातली पहिलीच शर्यत, इथेच शार्लटला. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. गाडी हातभट्टीची दारू पळवणारी, मालाच्या वजनानं बूड टेकू नये म्हणून केलेली सोय. त्याला बाद करून लिंकनवाल्या जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे भेसळ पहिल्याच दिवसाची!

"लबाडी केली," आजोबा गरजले, "पण खऱ्या गाडीत केली!"

सुरक्षेपायी गाड्या बदलाव्या लागल्या, हे मात्र ते मानतात. २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात गेला, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. तो विषय ते वाढवत नाहीत, मीही नाही.

त्यांच्या पिकअपची गोष्ट वेगळी. इंजिन दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स भंगारातला, सायलेन्सर असा की आजोबा निघाले हे चार घरांना कळतं. स्प्रिंगांबद्दल मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "आजोबा, ह्यात कंपनीचं काय उरलंय?"

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, बराच विचार केला.

"हॉर्न."

"तो गेल्या ख्रिसमसला बदललात, पपा," सून आतून म्हणाली.