दोन सूत ढिली

जबलपूरला मराठी माणूस दोन वाटांनी आला. एक नागपूरच्या भोसल्यांबरोबर, दुसरा भोंग्याबरोबर. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, पुढे खमरियाची, मग गाड्यांची. पहिल्या वाटेने आलेल्यांच्या घरी वाडे आणि वाड्यांचे दावे उरले. दुसऱ्या वाटेने आलेल्यांच्या घरी व्हर्नियर. आमचे काका व्हर्नियरवाले. असा काका जबलपूरच्या गढा भागात गल्लीगणिक नसला, तरी मोहल्ल्यागणिक एक सापडतोच.

फिटर म्हणून निवृत्त. सकाळी मदनमहालच्या टेकडीपर्यंत फेरी, येताना पोहे-जलेबी, आणि दहाच्या ठोक्याला काकूंच्या शिलाई मशीनवर कब्जा. मशीन लग्नात मिळालेलं, म्हणजे न्यायाने काकूंचं. त्यावर ब्लाउज आणि उशांचे अभ्रे शिवले जात, तोवर घरात शांतता होती. काकांनी जीन्सला हात घातला आणि सुया मोडू लागल्या.

सलवार-सुटांसाठी नावाजलेल्या या शहरात शिंप्यांना तोटा नाही. पण काकांच्या मते शिंपी अंदाजाने काम करतो, आणि अंदाज हा फॅक्टरीत गुन्हा असतो. भाचा म्हणाला, "मामा, कंबरेला थोडी ढिली होते," की ते चष्म्यावरून बघतात. "थोडी म्हणजे किती सूत?" इंचाचे आठ सूत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने जीन्स घालूच नये असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

मग पोरगा जीन्स चढवून पाठमोरा उभा राहतो. मांडीला नेमकी बसणारी जीन्स मागे कंबरेपाशी आ वासते, हे दुखणं घरोघरी आहे. काका खडूने खूण करतात, मधला लूप उसवतात, कंबरपट्टा सोडवतात आणि मागची मधली शिवण वरून जास्त, खाली कमी अशी निमुळती दाबत नेतात. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पण इंचभर दाबून माणसाचं समाधान झालं तर ना! हाव सुटली की मागचे दोन्ही खिसे सरकत सरकत शेजारी येतात. एका भाच्याचे इतके जवळ आले, की पाकीट काढायला गेला की हातात कंगवा यायचा.

पायाची दुमड हा त्याहून मोठा सोहळा. जिथे शिवणीवर शिवण चढते, तिथे कापडाचे थर इतके साचतात की चौदा नंबरची सुई शरण जाते. काका सोळाची लावतात. आधी तो उंचवटा हातोडीने ठोकून सपाट करायचा, मग पायडल सोडून चाक हाताने फिरवायचं. युक्ती अगदी खरी, पण वेळ दुपारी दोनची. शेजारचे पंडितजी भिंतीवरून डोकावतात, "का बड्डे, घर में फैक्टरी खोल ली?" काकांना हा आपला गौरव वाटतो.

खिशाच्या कोपऱ्यांवरच्या तांब्याच्या रिव्हेटांवर तर त्यांचा फार जीव. "हे शिंप्याचं डोकं नव्हे, फिटरचं!" खरं तर ते शिंप्याचंच होतं. अमेरिकेतल्या रीनो गावच्या जेकब डेव्हिसने ती कल्पना लढवली आणि १८७३ साली लेवी स्ट्रॉसबरोबर तिचं पेटंट घेतलं. पण हे काकांना सांगायचं कुणी?

त्यांचा एकच नियम कुणाला मोडता आला नाही: कापायचं नाही. चार इंच जास्त लांब असली तरी चारही इंच आत दुमडायचे. "कापलेलं परत येतं का?" त्यामुळे काकांच्या हातची जीन्स चालताना पायाशी थपथपते आणि धुतल्यावर तिसऱ्या दिवशी वाळते. काकूंनी एकदा गुपचूप कात्री चालवली, तर तो तुकडा काकांनी दोन दिवस फडताळात शोधला.

आणि मग फॅशन उलटली. ज्या पोरांनी पाय घोट्याशी आवळून घेतले होते, ती ढगळ जीन्स मागू लागली. बाजारातून अरुंद करून आणलेल्या जीन्सा बाद झाल्या. काकांनी मात्र विजयी मुद्रेने आपल्या हातच्या जीन्सांच्या शिवणी आणि दुमडी उसवल्या. आतून अख्खं मार्जिन निघालं. अडचण एकच. डेनिमची नीळ धाग्याच्या वरवरच बसलेली असते, ती वापरून उडते. बाहेरचं कापड फिकं आकाशी झालेलं आणि दुमडीत दडलेलं गडद निळंच राहिलेलं. पायाशी चार इंचांचा पट्टा उमटला.

भाचा रडवेला होऊन कॉलेजात गेला. संध्याकाळी त्याच्या वर्गातल्या दोन मुली जीन्सा घेऊन काकांच्या दारात. "अंकल, हमको भी ऐसा ही पट्टा चाहिए."

काकांनी टेप काढली, लांबी मोजली आणि शांतपणे सांगितलं, "दुमडून देतो. तीन वर्षांनी या."