नाचऱ्या निवडुंगास अनावृत पत्र

रा. रा. निवडुंगराव नाचरे यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्याकडे मुक्कामाला आल्यापासून आपल्याशी दोन शब्द बोलावेत असं फार मनात आहे. पण आपल्याशी तोंडी बोलायची सोय नाही. जे बोलावं ते आपण कंबर हलवत, चिरक्या आवाजात जसंच्या तसं आमच्याच तोंडावर मारता. म्हणून हे लेखी.

ज्यांच्या घराला आपली कुंडी अजून लागलेली नाही, अशा भाग्यवंतांसाठी आपली ओळख करून देते. हिरव्या मखमली फरचं अंग, डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल, पोटात लाल-निळे दिवे, खाली प्लास्टिकची कुंडी. एक बटण दाबलं की आपण गाता. खोक्यावर १२० गाणी लिहिलेली आहेत आणि दुर्दैवाने ती खरोखरच असतात. दुसरं बटण दाबलं की समोरचा काय बोलेल ते आपण टिपून घेता आणि जरा वेग वाढवून परत ऐकवता. वेग वाढला की आवाज बारीक होतो, एवढीच आपली गायकी. कुंडीतली मोटर आतल्या कण्याला पीळ देते, त्याला नाच म्हणायचं. काटेरी झाड उंबऱ्याच्या आत घेऊ नये असं सांगणारी आमच्याकडची वडीलधारी मंडळीही आपल्याला टीव्हीशेजारी मानाची जागा देतात. काटे फरचे आहेत, म्हणून चालत असावं.

आपली कामगिरी मोठी आहे. आमचं घर वन बीएचके, त्यामुळे स्वयंपाकघरातलं सगळं आपल्याला हॉलमध्ये बसल्या जागी ऐकू येतं. वरणाच्या कुकरला मी तीन शिट्ट्या देते. एके दिवशी पहिली शिट्टी कुकरची झाली, दुसरी आपली, तिसरी पुन्हा कुकरची. सुनेने तीन मोजून गॅस बंद केला. डाळ बोटचेपीसुद्धा झाली नव्हती. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून शुभंकरोती म्हणायला बसावं, तर कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी धरतात तशी प्रत्येक ओळ आपण मागून उचलता, फक्त उंदराच्या आवाजात. बातम्यांच्या वाहिनीवर सहा माणसं एकदम ओरडत होती, त्यांत आपण सातवे. त्या चर्चेतलं एक वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं, ते आपलं, याबद्दल आभार.

आणि तो रविवार. दुपारी दोनला बेल वाजली. आमचे हे डोळ्यांवरचा पंचा न काढता पुटपुटले, "आता ह्या वेळेला कोण कडमडलं?" सुनेने दार उघडलं, पाहुणे आत आले, चपला काढल्या, आणि आपण अंगात आल्यासारखे डोलत, सगळे दिवे लावून विचारलंत, "कोण कडमडलं?" पाहुणे कोण, तर नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आपल्याला सोनेरी कागदात गुंडाळून घेऊन आलेले गृहस्थच. त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी व्हिडिओ काढायला आपल्यापुढे आणखी दोनदा तेच म्हणून घेतलं.

ज्याच्यासाठी आपण आलात, तो नातू मात्र आपल्याला पाहून भोकाड पसरतो. यात तो एकटा नाही. आपल्याला पाहून हंबरडा फोडणाऱ्या बाळांचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने फिरतात. बाळ रडतं, आपण ते रडणं टिपून त्यालाच ऐकवता, ते ऐकून बाळ आणखी रडतं, आणि मागे घरचे हसत असतात. ही इतकी चोख करमणूक आहे की बाळाला त्यातून उठवून नेलं तर कार्यक्रम बंद पडेल. आपण खेळणं आहात यात वाद नाही. कुणाचं, एवढंच ठरवायचं राहिलं आहे.

आपल्या खोक्यावर लिहिलंय की आपण मुलांना बोलायला शिकवता. हे मात्र मनावर घेण्यासारखं आहे, म्हणून मी बारीक लक्ष ठेवलं. नातू "मंमं" म्हणाला. त्याची आई म्हणाली, "मंमं हवं? भूक लागली बाळाला? चल, भात कालवू, तूप घालू." नंतर तो आपल्यापुढे "मंमं" म्हणाला. आपण म्हणालात, "मंमं." त्याने वाट पाहिली. पुन्हा म्हणाला. आपणही पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा त्याने आपल्याला कुंडीसकट आडवं केलं. या शिक्षणपद्धतीचं त्याने केलेलं मूल्यमापन मला पटलं.

माझ्यासारख्या म्हातारीचं निरीक्षण आपण मनावर घेणार नाही, म्हणून शिकल्यासवरल्यांचं सांगते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ॲना सोसा या संशोधिकेने १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईवडील अशा २६ जोड्यांच्या घरी तीन प्रकारच्या वस्तू दिल्या. बाळाचा लॅपटॉप, बोलणारं शेत, बाळाचा मोबाइल अशी बॅटरीवरची खेळणी. लाकडी कोडं, ठोकळे अशी साधी खेळणी. आणि चित्रांची पुस्तकं. घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. पुस्तक हातात असताना मोठी माणसं मिनिटाला साधारण ६७ शब्द बोलली, साध्या खेळण्यांबरोबर ५६ आणि बॅटरीवाल्यांबरोबर ४०. २०१६ साली 'जामा पेडियाट्रिक्स'मध्ये हे छापून आलं. जोड्या थोड्या होत्या हे खरं, पण आमच्या हॉलमध्ये येऊन कुणी मोजलं असतं तर आकडा याहून चांगला आला नसता. खेळणं बोलायला लागलं की आई गप्प बसते. सोपं आहे. दोघांनी एकदम कशाला बोलायचं?

नातवाला आपल्यातली एकच गोष्ट आवडली आहे. त्याने आपली टोपी उपटून काढली. ती तो वाटीला घालतो, पायात घालतो, माझ्या नाकावर ठेवतो, तिच्यात चुरमुरे भरून सांडतो. तिला बटण नाही, दिवा नाही, आणि पुढे काय करायचं ते ती सांगत नाही. टोपीखालच्या बाकी ऐवजाचे पैसे उगाच गेले.

आपल्या १२० गाण्यांबद्दलही थोडं लिहायला हवं. त्यांतली बरीच कुठल्या भाषेतली आहेत हे आमच्या इमारतीत कुणाला सांगता येत नाही. लहान मुलांचीच असतील, चाल गोड आहे, असं म्हणून आम्ही ती लावतो. कॅनडातही २०२१ साली असंच चाललं होतं. तिथल्या एका आजीने नातीसाठी एका बड्या दुकानाच्या संकेतस्थळावरून आपला सख्खा भाऊ मागवला. ती आजी मूळची पोलंडची निघाली, आणि तिथेच आपल्या खानदानाचा घात झाला. कारण भाऊ कंबर हलवत जे गात होता ते पोलिश रॅप होतं, शिव्यांसकट, आणि विषय होता कोकेन. त्सिपिस नावाच्या रॅपरचं ते गाणं त्याआधी एका नाचणाऱ्या गाईच्या व्हिडिओमुळे जगभर फिरलेलं होतं. कारखान्यात कुणीतरी चाल ऐकली असणार. शब्द समजून घेणं हे त्याचं काम नव्हतं. दुकानाने ते खेळणं विक्रीतून काढलं. तेव्हापासून आपण एखादं अगम्य गाणं सुरू केलंत की मी कानात प्राण आणून ऐकते. आमच्या शेजारी कुणी पोलिश आजी नाहीत.

आपलं घराणं जुनं आहे, हे मान्य करायला हवं. मूळपुरुष साक्षात एडिसन. त्यांनी १८९० साली पोटात छोटा फोनोग्राफ असलेली बोलकी बाहुली विकायला काढली. तिचा आवाज असा की काही आठवड्यांतच तिला बाजारातून परत न्यावं लागलं. त्या काळी लोकांना भीती वाटली तर ते वस्तू परत करत, व्हिडिओ काढत नसत. मग १९९८ साली फर्बी नावाचं घुबडासारखं केसाळ प्रकरण आलं. ते ऐकलेलं साठवतं आणि बाहेर फोडतं, अशा धास्तीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या मुख्यालयात त्याला बंदी घातल्याची बातमी १९९९च्या जानेवारीत आली. त्या बिचाऱ्याला काही साठवताच येत नव्हतं.

पुढच्या पिढीला मात्र येऊ लागलं. केला नावाची बाहुली मुलांचे प्रश्न ऐकून इंटरनेटवरून उत्तरं आणायची. तिचं ब्लूटूथ इतकं मोकळं होतं की जवळपासच्या कुणा परक्यालाही तिच्याशी जोडून घेऊन मुलाशी बोलता येई. जर्मनीच्या नियामक संस्थेने २०१७ मध्ये तिला लपवलेलं हेरगिरीचं उपकरण ठरवलं आणि पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. आणि २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संघटनेने कुम्मा नावाच्या गोंडस अस्वलाशी गप्पा मारून पाहिल्या. अस्वलाच्या पोटात कृत्रिम बुद्धिमत्ता होती. गप्पा लांबल्या तसं ते काडी कशी पेटवायची ते सांगू लागलं आणि मुलांपुढे काढू नयेत अशा विषयांवर मोकळेपणाने बोलू लागलं. कंपनीने काही काळ विक्री थांबवली.

हे वाचल्यावर, निवडुंगराव, आपल्याविषयी मला किंचित आदर वाटू लागला. आपण ऐकता, पण तिथल्या तिथे ओकून टाकता. इंटरनेटला जोडलेले नसल्याने घरची भांडणं आपण कुठल्या परदेशी संगणकावर जमा करत नाही, फक्त आलेल्या पाहुण्यांना ऐकवता. आपल्या घराण्यात हा सज्जनपणाच म्हणायचा.

आता कायद्याचं. आपल्या सरकारने २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय शिक्का हवाच. आयात शुल्क २०२०त २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३त ७० वर. त्याच वर्षी जानेवारीत भारतीय मानक ब्युरोने मॉल आणि विमानतळांवरच्या मोठ्या दुकानांतून महिनाभरात १८,६०० खेळणी जप्त केल्याचं सांगितलं. मी चष्मा लावून आपलं खोकं सगळ्या बाजूंनी तपासलं. एका बाजूला हसणारं बाळ आहे, दुसऱ्या बाजूला चुकलेल्या स्पेलिंगचं इंग्रजी. शिक्का नाही. आपण विमानतळावरून आलाच नव्हता. आपण आलात लोकलमधल्या फेरीवाल्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून, आणि त्या पिशवीवर छापा घालायला दुसऱ्या वर्गाच्या डब्यात गर्दीच्या वेळी चढावं लागतं.

आपल्या चुलत भावंडांबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही. जत्रेत विकली जाणारी दिव्यांची भिंगरी, चमकणारी अंगठी, गाणारं पुस्तक, यांच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. म्हणून सेलच्या झाकणाला स्क्रू असावा असं मानकात लिहिलेलं आहे, आणि जत्रेतली बहुतेक झाकणं नखाने उघडतात. सेल गिळल्याचा संशय जरी आला तरी वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जायचं.

आपल्याला वाटेल ही म्हातारी सगळ्याच नव्या गोष्टींवर डाफरते. तसं नाही. तुळशीबागेतली पितळी भातुकली आणि सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं यांच्या आठवणी काढत बसणाऱ्यांचाही मला कंटाळा येतो. ती लाकडी फळं आता बहुतेक घरांत काचेच्या कपाटात असतात आणि मुलाने हात लावला तर ओरडा बसतो. नवं खेळणं कसं असावं हे पाहायचं तर पुण्यातच पाहायला मिळालं आहे. अरविंद गुप्ता, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं बसून आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी करत राहिले, आणि शेकडो खेळण्यांची कृती त्यांनी फुकट वाटून टाकली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यात मूल आधी काहीतरी जोडतं, मग ते फिरतं. फिरलं नाही तर का नाही, म्हणून मोडून बघतं. आपल्याला मोडलं तर आत एक मोटर, एक वायर आणि चीनमधली धूळ निघेल. पण मोडायला जमणार नाही, कारण आपली शिवण कुंडीला डिंकाने चिकटवलेली आहे. झाकणाला स्क्रू नाही, पण शिवणीला डिंक भरपूर.

असो. आपला मुक्काम आता माळ्यावर, पातेल्यांच्या मागे हलवला आहे. बॅटरी काढून ठेवली आहे. आपल्याला घेऊन आलेले गृहस्थ येतील तेव्हा आपल्याला खाली आणू, कारण आल्याआल्या ते आपली चौकशी करतात. नातवाची नंतर.

कळावे.
आपली,
कडमडलेल्यांना चहा करून देणारी एक आजी

ता. क. हे निवडुंगरावांसाठी नाही, तर बारशाला आणि वाढदिवसाला येणाऱ्या आमच्या सर्व आप्तेष्टांसाठी आहे. खेळणं आणायचंच असेल तर रबरी चेंडू आणा. तीस-चाळीस रुपयांत कोपऱ्यावर मिळतो. आणि जरा वेळ काढून या. चेंडू परत टाकायला समोर कुणाला तरी बसावं लागतं.